बिनपगारी संपादक: राजनैतिक घरातून चालणाऱ्या एका पाक्षिकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका राजधानीतल्या वस्तीपुरत्या पाक्षिकाचे आहे. दोन्ही देशांची नावे वगळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वाद मिटल्यावर पाक्षिकाच्या विश्वस्त मंडळाने सगळे कागद माझ्यापुढे ठेवून विचारले, "आमचं नेमकं कुठे बिनसलं?" त्याचे उत्तर शोधताना झालेले हे टिपण.

पाक्षिक बारा पानांचे, टॅब्लॉइड आकाराचे. नगर परिषदेच्या बैठका, रस्तेखोदाई, पाणी बंद राहण्याच्या सूचना, शाळांच्या बातम्या, निधनवार्ता, हरवले-सापडले, आणि दोन पाने भरून वाचकांची पत्रे. मोठी दैनिके ज्या विषयाला दोन ओळी देत नाहीत, त्याला इथे अर्धे पान मिळते. अंक घरोघर फुकट जातो, खर्च जाहिरातींतून निघतो. पगारी माणूस एकच, तो जाहिरातींची वसुली आणि वितरण पाहतो. बाकी सगळे हौसेने येणारे.

अशा ठिकाणी एक मुरलेला पत्रकार आपण होऊन येऊन उभा राहिला. मायदेशी एका दैनिकात वृत्तसंपादकाच्या खुर्चीपर्यंत पोचलेले हे गृहस्थ. पत्नीच्या आधीच्या बदलीच्या वेळी रजा घेतली होती, या वेळी राजीनामाच दिला. पत्नी दूतावासात काउन्सेलर, म्हणजे वरिष्ठ राजनैतिक अधिकारी, आणि हेड ऑफ चॅन्सरी म्हणून प्रशासन त्यांच्याकडे: इमारती, भाडेकरार, गाड्या, नोकरवर्ग. घरी बसून कंटाळलेल्या नवऱ्याने आधी मुद्रितशोधन केले, मग मथळे सुधारले, आणि जुन्या संपादकांनी तब्येतीमुळे काम सोडले तेव्हा मंडळाने दुसरा कोणी शोधलाच नाही.

राजनैतिक सेवेत जोडीदाराचा एक पाय आत, एक बाहेर असतो. पासपोर्ट मिळतो, यादीत नाव लागते, मेजवानीत खुर्ची मिळते. स्वतःचे काम मात्र दर बदलीला सुटते. पूर्वी त्याच्याकडून, म्हणजे बहुतेक वेळा तिच्याकडून, बिनपगारी राबण्याची अपेक्षा उघड असायची. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत १९७२ पर्यंत अधिकाऱ्याच्या कामगिरीच्या अहवालात त्याच्या पत्नीबद्दलही शेरे असत. त्या वर्षी ते बंद करण्याचा आदेश निघाला. भारतात परराष्ट्र सेवेतल्या महिला अधिकाऱ्याला लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यावी लागे; याच सेवेतल्या अधिकारी सी. बी. मुथम्मा यांच्या प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा नियमांना धारेवर धरले. बायकोच्या बदलीबरोबर नवऱ्याने सामान बांधणे ही त्या मानाने नवी गोष्ट. या गृहस्थांना काम हवे होते, आणि ते करण्याची अक्कलही होती. प्रकरण वाचताना हे विसरून चालणार नाही. यात कोणी लबाड नव्हते.

नेमणूक

पहिला निर्णय इथेच झाला, आणि तो दहा मिनिटांत झाला. इतिवृत्तात एवढेच आहे: "मानधन न घेण्याचे संपादकांनी मान्य केले. त्यामुळे परवान्याचा प्रश्न उद्भवत नाही."

परवान्याचा प्रश्न म्हणजे काय, ते सांगायला हवे. १९६१ चा राजनैतिक संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार या सगळ्याच्या मुळाशी आहे. त्याच्या कलम ४२ नुसार राजनैतिक अधिकाऱ्याने यजमान देशात स्वतःच्या फायद्यासाठी व्यवसाय किंवा व्यापार करायचा नाही. जोडीदाराचा तिथे उल्लेख नाही. कलम ३७ मात्र घरच्या माणसांना, ती यजमान देशाची नागरिक नसतील तर, कलम २९ ते ३६ मधली संरक्षणे देते: अटक नाही, फौजदारी खटला नाही, राहत्या घराची झडती नाही आणि काही अपवाद सोडले तर दिवाणी दावाही नाही. जोडीदाराला नोकरी करता यावी म्हणून बऱ्याच देशांनी आपसात वेगळे करार केले आहेत. त्यांची पद्धत साधारण सारखीच असते. दूतावास परराष्ट्र मंत्रालयाला नोट व्हर्बाल, म्हणजे औपचारिक राजनैतिक पत्र, पाठवतो, मंत्रालय परवानगी देते, त्या कामातून उद्भवणाऱ्या दिवाणी बाबींपुरते संरक्षण सुटते आणि मिळकतीवर तिथला कर लागतो.

या दोन देशांतही असा करार होता, पण तो मोबदल्याच्या कामापुरता. खजिनदारांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला: मोबदला नाही, म्हणजे अर्ज नको, कर नको, कटकट नको. पैसे वाचले याचा सगळ्यांना आनंद झाला. आपण कोणत्याही न्यायालयात सहजासहजी उभा न करता येणारा संपादक नेमतो आहोत, ही त्याच वाक्याची दुसरी बाजू कोणाच्या ध्यानात आली नाही.

पत्नीने राजदूतांच्या कानावर घातले. तोंडीच. ते म्हणाले, "चांगलं आहे, फक्त निवडणुकीत अग्रलेख लिहू देऊ नका." कलम ४१ यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायला मनाई करते, राजदूतांच्या डोक्यात तेवढेच होते. पाक्षिकाने नव्या संपादकांची ओळख करून देणारी चौकट छापली, तीत पत्नी दूतावासात असल्याचे एका वाक्यात आले. ते वाक्य पुन्हा कधी छापले गेले नाही.

सुरुवातीचा काळ उत्तम गेला, आणि त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. अंक वेळेवर निघू लागला, मथळे नेटके झाले, परिषदेच्या बैठकीला बातमीदार खरोखर जाऊन बसू लागले.

पेच

दूतावासाचा व्हिसा विभाग जुन्या जागेत मावेनासा झाला होता. वस्तीतल्या एका अरुंद गल्लीत तीन मजली इमारत रिकामी होती. मालकाने वापरबदलासाठी नगर परिषदेकडे अर्ज केला आणि तो विषय बैठकीच्या कार्यपत्रिकेवर आला. गल्लीत कुजबुज सुरू झाली: सकाळपासून रांगा लागणार, गाड्या लावायला जागा उरणार नाही, शाळेच्या मुलांनी चालायचे कुठून?

संपादकांनी संपादकीय बैठकीत स्वतःहून सांगितले, "ही बातमी माझ्याकडे नको. भाडेकराराची फाईल आमच्या घरातल्या टेबलावर नसली तरी घरातल्या माणसाच्या टेबलावर आहे." बातमी सहसंपादक बाईंकडे गेली. या बाई निवृत्त शिक्षिका, वस्तीत वाढलेल्या, कोणाच्या बापाला न घाबरणाऱ्या. बातमी त्यांनी नीट केली: रहिवासी, परिषदेचे अधिकारी आणि मालक या तिघांचे म्हणणे घेतले, दूतावासाकडून उत्तर नाही हेही लिहिले. पान लागेपर्यंत संपादकांनी ती वाचली नाही. घरीही नवरा-बायकोने या विषयावर बोलायचे नाही असे ठरवले होते. दोघांच्या सांगण्यावरून आणि पुढच्या घटनांवरून ते पाळले गेले असे मला वाटते.

इथपर्यंत शाबासकी द्यावी असेच वागणे होते. पण वाचकांची पत्रे ही संपादकांची खाजगी जहागीर होती. पाक्षिकाची कचेरी अर्धा दिवसच उघडी, म्हणून हाताने लिहिलेली पत्रे लोक संपादकांच्या घरच्या पेटीत टाकत. रात्री जेवणानंतर ते ती निवडत, कापत, टाइप करत आणि पत्रांची पाने थेट मांडणीला पाठवत. दुसरे कोणी ती पाने छपाईआधी पाहत नसे. बातमी बाईंकडे सोपवताना पत्रांचा विचार कोणी केला नाही. संपादकांनीही नाही, बाईंनीही नाही.

पुढच्या अंकासाठी गल्लीतल्या एका ज्येष्ठ रहिवाशाचे पत्र आले. दोन कागद, पाठपोट, निळ्या शाईत. बराचसा भाग रांगा आणि गाड्यांबद्दल, योग्यच. दुसऱ्या कागदाच्या तळाशी हे वाक्य होते: "आमच्या साध्या जिन्याच्या दुरुस्तीची फाईल वर्षभर धूळ खाते आणि यांची आठवड्यात मंजूर होते, काय सरकलं ते टेबलाखाली वाकून पाहिल्याशिवाय कळायचं नाही."

कोणत्याही दैनिकात दुसऱ्या दिवशी रुजू झालेला उपसंपादकही हे वाक्य कापतो. या गृहस्थांनी अशी शेकडो वाक्ये कापली असतील. हे त्यांनी ठेवले. मंडळाला नंतर दिलेल्या टिपणात त्यांनी कारण लिहिले आहे आणि ते जसेच्या तसे देण्याजोगे आहे: "वाक्य धोक्याचे आहे हे कळत होते. पण मी ते कापले असते तर संपादकाने बायकोच्या दूतावासाच्या घरमालकाला वाचवले, असे कोणीही म्हटले असते. म्हणून या पत्राला हात लावायचा नाही असे ठरवले."

माझ्या मते सगळे प्रकरण या दोन ओळींत आहे. हितसंबंध म्हटले की आपण गृहीत धरतो, माणूस आपल्यांकडे झुकेल. इथे माणूस उलट्या बाजूला झुकला, तेही संशय नको म्हणून. दोन्ही वेळा निर्णय मजकूर पाहून झाला नाही, स्वतःकडे पाहून झाला. प्रामाणिक माणसाकडून घडणारी चूक बहुधा याच जातीची असते, आणि प्रामाणिकपणाच्या भरवशावर सोडलेल्या व्यवस्थेत ती पकडली जात नाही.

अंक निघाला. त्याच आठवड्यात मालकाच्या वकिलाची नोटीस आली: संपादक, प्रकाशक म्हणून मंडळ, आणि मुद्रक, तिघांना. मागण्या अशा: जाहीर माफी, नुकसानभरपाई, पत्रलेखकाचे नाव आणि मूळ पत्र. पत्रांच्या पानाच्या तळाशी 'या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' ही ओळ वर्षानुवर्षे होती. अब्रुनुकसानीच्या दाव्यात ती ढाल म्हणून उपयोगी पडत नाही. दुसऱ्याचे विधान छापणारा स्वतः ते प्रसिद्ध करत असतो. मुद्रकाचा तर जीवच गेला. त्याने ते पान वाचलेसुद्धा नव्हते.

समोरचे पर्याय

मंडळाची तातडीची बैठक झाली. खजिनदारांचे म्हणणे पहिल्यांदा आले आणि सगळ्यांना ते मनापासून आवडले: "संपादकांना तर कोर्टात खेचताच येत नाही. नोटीस फाडून टाका."

हा पर्याय जितका सोपा दिसत होता तितका नव्हता. संरक्षण माणसाला होते, पाक्षिकाला नाही. मंडळ आणि मुद्रक उघड्यावरच होते. मालकाने संपादकांना वगळून या दोघांवर दावा लावला असता, तर बचाव मांडायचा कोणी? पत्र का छापले, काय तपासले, हेतू काय होता, हे सांगू शकणारा एकच माणूस, आणि कलम ३१ प्रमाणे त्याला साक्षीला बोलावण्याची सक्ती करता येत नाही. मूळ पत्र त्याच्या घरी फायलीत, आणि कलम ३० प्रमाणे घर आणि त्यातले कागद न्यायालयाच्या हाताबाहेर. म्हणजे ज्या संरक्षणावर मंडळ खूश होते, त्यानेच मंडळाचा बचाव लंगडा केला होता. शिवाय कलम ३१ मध्येच एक अपवाद आहे: अधिकृत कामाबाहेर केलेल्या व्यावसायिक कामाबद्दलच्या दिवाणी दाव्याला संरक्षण नाही. बिनपगारी संपादकपण त्यात बसते का, यावर दोन वकील दोन मते देतील. ती मते आपल्या खर्चाने ऐकण्याची ऐपत या पाक्षिकाची नव्हती.

अध्यक्षांना सरळ मार्ग सुचला: "तुम्हीच लिहून द्या, मला संरक्षण नको म्हणून." संपादक तयारही होते. पण ते त्यांच्या हातात नव्हते. संरक्षण माणसाचे नसते, त्याला पाठवणाऱ्या देशाचे असते. कलम ३२ प्रमाणे ते त्या देशालाच सोडता येते, आणि तेही स्पष्ट शब्दांत. शिवाय खटल्यापुरते सोडले तरी निकालाच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा वेगळे सोडावे लागते. एका वस्तीच्या पाक्षिकातल्या एका वाक्यासाठी राजधानी-राजधानीत पत्रव्यवहार व्हावा, ही कल्पना दूतावासात कोणाला रुचणार होती?

तिसरा पर्याय लगेच राजीनाम्याचा. संपादकांनी तो खिशात घालूनच आणला होता. सहसंपादक बाईंनी अडवले: आज राजीनामा दिला तर बाहेर एवढाच अर्थ निघेल की दूतावासाने तोंड बंद केले, आणि गल्ली त्या वाक्यावर आणखी विश्वास ठेवेल.

लढायचे असे एक-दोघे म्हणत होते. पण लढायला हातात काय आहे, हे कोणी तपासलेच नव्हते.

काय केले

नोटीस मिळाली त्याच संध्याकाळी संपादकांनी पत्नीला सांगितले. न बोलण्याचा करार मोडावा लागला तो एवढ्यापुरता. "कोणत्या इमारतीबद्दल आहे ते सांग, बाकी काही सांगू नकोस," असे त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राजदूतांकडे गेल्या. या वेळी लेखी टिपण घेऊन. भाडेकराराची फाईल त्यांनी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवली. सगळ्या प्रकरणात सर्वांत स्वच्छ पाऊल हेच. घाईने टाकलेले नाही आणि उशीराही नाही. दूतावासानेही शहाणपणा केला. वकिलाला दूतावासाच्या कागदावर उत्तर पाठवावे अशी सूचना एका अधिकाऱ्याने केली होती, ती राजदूतांनी मोडीत काढली. पाक्षिक दूतावासाचे नाही, तेव्हा त्याच्या बाजूने पत्र काढले की ते दूतावासाचे होते.

पाक्षिकात पत्रांचे पान आणि या विषयाचा सगळा मजकूर बाईंकडे गेला. पहिले काम त्यांनी केले ते खरे तर छापण्याआधी व्हायला हवे होते: परिषदेत जाऊन नियम वाचणे. एका प्रकारच्या कार्यालयाचे दुसऱ्या प्रकारच्या कार्यालयात रूपांतर असेल तर अर्ज सात दिवसांत निकाली काढायचा, असा नियमच होता. जिन्याच्या दुरुस्तीला वेगळे खाते, वेगळी पाहणी, वेगळी रखडपट्टी. पत्रलेखक आजोबांकडे बाई स्वतः गेल्या. पुरावा काही नव्हता; होता तो जिन्याचा राग. आपले नाव मालकाला कळू नये, एवढीच त्यांची विनंती होती.

नाव द्यायचे नाही असे मंडळाने ठरवले, आणि ते बरोबर ठरवले. पण मग दोष पूर्ण आपल्या अंगावर घ्यायला हवा होता. खुलासा पत्रांच्या पानावरच, सर्वांत वर, त्या पत्राएवढ्याच जागेत आला. मसुद्याचा मुख्य भाग असा:

"गेल्या अंकातील एका पत्रात इमारतीच्या वापरबदलाला झालेल्या मंजुरीबाबत गैरव्यवहार सुचवणारे वाक्य आम्ही छापले. अशा अर्जाला परिषदेच्या नियमानुसार सात दिवसांची मुदत आहे आणि तीच पाळली गेली. गैरव्यवहाराचा कोणताही पुरावा आमच्याकडे नव्हता. ते वाक्य छापायला नको होते. इमारतीच्या मालकांची आम्ही दिलगिरी व्यक्त करतो."

यावर भांडण झाले नाही. भांडण झाले ते पुढच्या दोन वाक्यांवर. बाईंना त्यात लिहायचे होते: "संपादकांच्या पत्नी या इमारतीबाबत बोलणी करणाऱ्या दूतावासात अधिकारी आहेत. पत्र छापताना हे वाचकांना सांगितले गेले नाही." दूतावासाला पत्नीचा उल्लेख नको होता. मालकाच्या वकिलालाही नको होता, कारण बोलणी चालू असल्याचे जगजाहीर करण्यात त्याच्या अशिलाचा तोटा. खुद्द संपादक गप्प राहिले, आणि तसे राहणेच योग्य होते. बाईंचा मुद्दा होता की मालकाची माफी मागून अर्धेच काम होते. वाचकांपासून काय लपले तेही सांगायला हवे. शेवटी 'पत्नी'च्या जागी 'कुटुंबातील व्यक्ती' आणि 'बोलणी करणाऱ्या'च्या जागी 'संबंधित' असे झाले. गल्लीत ज्याला कळायचे त्याला कळलेच. मला विचाराल तर 'पत्नी' हा शब्द राहायला हवा होता. 'कुटुंबातील व्यक्ती' म्हटले की लोक नसलेला मेहुणा शोधू लागतात.

निष्पत्ती

मालकाने दावा केला नाही. खुलासा, त्याच्या वकिलाची फी आणि इंटरनेटवरच्या अंकातून ते वाक्य काढणे, एवढ्यावर मिटले. फी भरताना पाक्षिकाला एक अंक आठ पानांचा काढावा लागला. मुद्रकाने पुढच्या कामासाठी लेखी हमी मागितली: मजकुराची जबाबदारी मंडळाची. त्याचे चुकले नाही.

आजोबा दुखावले. वाक्य त्यांचे आणि माफी पाक्षिकाची, तरी "तुम्ही मला खोटं पाडलंत" असे म्हणून त्यांनी अंक घेणे बंद केले.

दूतावासाने ती इमारत घेतलीच नाही. भाड्याला मायदेशातून मंजुरी मिळाली नव्हती, आणि ही गोष्ट पत्र छापण्याच्या आधीची होती. पत्नीला ती ठाऊक होती, नवऱ्याला नव्हती. घरातला अबोला खरा होता, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणे कठीण. पण गल्लीत आजही असेच मानतात की पत्रामुळे दूतावास माघारी फिरला, आणि मालक तर नक्कीच तसे मानतो.

संपादक राहिले, पण दोन बदल झाल्यावर. अंकाच्या शेवटच्या पानावरच्या ओळीत जबाबदार संपादक म्हणून बाईंचे नाव गेले. आणि संपादकांना मानधन सुरू झाले, छोटेसे, करपात्र. दूतावासाने रीतसर नोट पाठवली, मंत्रालयाने परवानगी दिली, आणि त्या कामापुरते त्यांचे दिवाणी संरक्षण गेले. चार पैसे वाचवायला फुकट ठेवलेला माणूस पगारावर आल्यावर पहिल्यांदा वाचकांना उत्तर द्यायला बांधील झाला. खजिनदारांना हा हिशेब पचायला वेळ लागला.

वेगळे काय करता आले असते

परवान्याचा प्रश्न मंडळाने पैशाचा म्हणून सोडवला. तो उत्तरदायित्वाचा म्हणून विचारला असता तर नेमणुकीच्या दिवशीच मानधन आणि परवानगी दोन्ही मिळाले असते. दूतावासाने तोंडी होकार दिला हेही अपुरे. राजदूतांनी निवडणुकीचा धोका बरोबर ओळखला, पण वस्तीच्या पाक्षिकात निवडणूक क्वचित येते. भाडे, गाड्या, रस्ते, परिषदेची परवानगी हे रोजचे. हेड ऑफ चॅन्सरीच्या टेबलावरही नेमके हेच विषय असतात. पत्नी याच दूतावासाच्या सांस्कृतिक विभागात अधिकारी असत्या तर तिढा कदाचित कधीच पडला नसता. म्हणजे 'राजनैतिक अधिकाऱ्याच्या जोडीदाराने संपादक व्हावे का' यापेक्षा 'कोणत्या टेबलाच्या' हा प्रश्न आधी यायला हवा होता.

विषयापासून दूर राहणे म्हणजे बातमीपासून दूर राहणे, असा अर्थ सगळ्यांनी घेतला. विषय पानापानांतून झिरपतो: पत्र, व्यंगचित्र, छायाचित्राची ओळ, जाहिरात, एखादी नोटीस. बाईंना बातमी दिली त्याच वेळी "या गल्लीचे नाव जिथे येईल ते सगळे तुमच्याकडे" असे एक वाक्य बोलले असते तर पुरले असते. आणि पत्रे घरी यायलाच नको होती. कचेरीच्या दाराला एक पेटी लावायला किती खर्च येतो?

वाचकांना सांगण्याबाबत मी मंडळाहून थोडा कडक आहे. ओळख करून देणारी चौकट एकदा छापली की काम झाले, असे नसते. वस्तीत दर वर्षी नवे भाडेकरू येतात आणि जुने अंक कोणी काढून वाचत नाही. शेवटच्या पानावर कायमची एक ओळ हवी होती. आता ती आहे.

संपादकांच्या त्या रात्रीच्या निर्णयाबद्दल मंडळात अजून दोन तट आहेत. काहींच्या मते कापले असते तरी बोंब झाली असतीच. झाली असती, पण कापलेल्या वाक्याबद्दलची बोंब पाक्षिकाला झेपली असती, छापलेल्याबद्दलची नोटीस झेपली नाही. तिसरा रस्ता तर समोरच होता, बाईंना फोन करण्याचा. तो त्यांना सुचला नाही, कारण पत्रांच्या पानाबद्दल कोणाला विचारायची सवयच तिथे नव्हती.

बाईंनी मात्र माझ्या टिपणावर एक आक्षेप घेतला आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नव्हते. त्या म्हणाल्या, "माझा सख्खा भाऊ परिषदेत नोकरीला आहे. वितरणवाल्याची बायको शाळेच्या समितीवर आहे. खजिनदारांचे दोन गाळे भाड्याने दिलेले आहेत. तुमच्या हिशेबाने अंक काढायचा कोणी?" छोट्या पाक्षिकात प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा कोणीतरी असतोच. यावर मंडळाने शेजारच्या वस्तीच्या पाक्षिकाशी बोलून ठेवले: ज्या मजकुरात दोघांपैकी कोणाचाही हात अडकतो, तो छपाईआधी एकमेकांच्या संपादकांनी वाचायचा. काय कापायचे ते त्यांनी सांगायचे, कारण विचारायचे नाही. आतापर्यंत तिकडून जास्त मजकूर इकडे आला आहे.